नर्मदेत बुडवलेला ग्रंथ आणि माल्कमचं प्रकरण

एक ब्राह्मण अहिल्याबाई होळकरांकडे ग्रंथ घेऊन आला. पानोपान बाईंचीच स्तुती. बाईंनी तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतला. मी एक दुबळी, पापी बाई, एवढ्या गौरवाला मी लायक नाही, असं म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. ग्रंथकाराची पुढे दखलही घेतली नाही. बिचारा बिदागीच्या आशेने आला असणार.

ही गोष्ट सर जॉन माल्कमने लिहून ठेवली आहे, 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' या १८२३ साली लंडनला निघालेल्या दोन खंडी पुस्तकात. त्यातला अहिल्याबाईंवरचा भाग आमच्या वाचनगटाने २०२५ मध्ये, बाईंच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने वाचायला घेतला. वाचून संपल्यावर आमच्यातले अण्णा म्हणाले, "हे चरित्र नव्हे, ही आरती आहे. टाळ तेवढे इंग्रजी." अण्णांची सारी हयात बँकेत तपासनीस म्हणून गेली, त्यामुळे त्यांच्या शेऱ्याला आमच्यात वजन असतं. पण या वेळी तो मला पटला नाही, आणि का पटला नाही हे सांगताना माझीच दमछाक झाली. शेवटी निम्मं त्यांचं खरं निघालं. ते निम्मं कुठलं, ते सांगायला हा लेख.

अण्णांची पद्धत सरळ होती. पेन्सिल घेऊन बसायचं आणि प्रत्येक गौरवाच्या विशेषणापाशी समासात टिंब द्यायचं. चौथ्या पानावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आणि माल्कम खरोखरच हात आखडता घेत नाही. समारोपात तो जे चित्र उभं करतो ते असं: गर्वाचा लवलेश नसलेली स्त्री, कमालीची श्रद्धाळू पण परधर्माचा द्वेष नाही, हातात अनिर्बंध सत्ता पण तिला स्वतःच्या विवेकाचा लगाम, आणि दुसऱ्याच्या चुकांबद्दल मोठी क्षमा. वर तो असंही म्हणतो की जितकी जास्त चौकशी करावी, तितका आदर वाढतच जातो.

मी अण्णांना विचारलं, "तुम्ही शाखेत तपासणीला जायचात तेव्हा खतावणीचं अक्षर किती सुंदर आहे ते बघायचात, की व्हाउचर मागायचात?" अण्णा हसले. मग आम्ही माल्कमची व्हाउचरं काढायला बसलो.

पहिलं व्हाउचर, माणूस कोण. माल्कमने अहिल्याबाईंना कधी पाहिलं नाही. बाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी, महेश्वरला. माल्कम माळव्यात आला तो इंग्रज फौजेबरोबर, २१ डिसेंबर १८१७ च्या महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पाडाव करायला. ६ जानेवारी १८१८ चा मंदसोरचा तह त्यानेच घडवून आणला आणि पुढची काही वर्षं माळव्याची घडी बसवण्यात घालवली. (महाबळेश्वरच्या बाजारपेठेला माल्कमपेठ हे नाव पडलं ते याच्यावरूनच, १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता.) म्हणजे होळकरांना हरवणारा माणूस होळकरांच्याच माणसांना विचारतो आहे, तुमची ती राणी कशी होती हो? मध्ये जेमतेम पंचवीस वर्षं गेलेली. ज्यांनी बाईंना पाहिलं, त्यांच्या हाताखाली काम केलं, ती माणसं अजून हयात होती. भारमल दादा हे त्यांतलं ठळक नाव, बाईंच्या खास विश्वासातला म्हातारा माणूस.

अण्णांनी इथेच बोट ठेवलं. "घरच्या नोकराची साक्ष!" बरोबर. पण त्या साक्षीत काय काय आलं आहे तेही पाहायला हवं. बाई रागावल्या की चांगल्यातल्या चांगल्या माणसाचीही भीतीने गाळण उडे, हे या घरच्या माणसांकडूनच आलं आहे. आरतीत असं कडवं येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट मालेरावांची. बाईंचा हा एकुलता मुलगा. मल्हारराव २० मे १७६६ रोजी आलमपूरला वारले आणि गादी या नातवाकडे आली. मालेरावांबद्दल माल्कम काहीही झाकत नाही. ब्राह्मणांना द्यायच्या वस्त्रांत आणि जोड्यांत विंचू ठेवायचे, रुपयांच्या भांड्यात विंचू घालून त्यांना हात घालायला लावायचं, आणि आई रडत बसायची. पुढे एका कशिदा काढणाऱ्याला संशयावरून मारलं. तो निर्दोष होता असं कळल्यावर मालेरावांचं मन ढळलं, मेलेल्याचं भूत अंगात शिरल्याची बोलवा झाली, आणि १७६७ मध्ये, गादीवर वर्षही पुरं होण्याआधी, ते गेले.

आता अवघड प्रश्न. आईनेच मुलाला संपवलं, अशी कुजबुज तेव्हा होती. तिची वाच्यता न करता पुढे जाणं माल्कमला अगदी सोपं होतं. लंडनच्या वाचकाला पत्ताही लागला नसता. त्याने ती कुजबुज पुस्तकात घेतली, आपण तिची बारकाईने चौकशी केली असं सांगितलं, आणि बाई पूर्ण निर्दोष असल्याचा निष्कर्ष दिला. निष्कर्ष बाजूला ठेवा. भक्त माणूस हा प्रश्न तोंडातून काढणारच नाही. माल्कमने काढला, आणि छापला.

आपल्याकडे याच मृत्यूची दुसरी एक कथा सर्रास सांगितली जाते: रथाखाली वासरू मेलं, गाय रस्त्यात आडवी बसली, आणि आईने मुलालाच रथाखाली घालायची शिक्षा फर्मावली. हीच कथा तमिळ मुलुखात तिरुवारूरच्या मनुनीती चोळ राजाबद्दल सांगतात. गाय तीच, वासरू तेच, राजा तेवढा वेगळा. न्यायी राजाची कथा गावोगाव फिरते आणि जिथे योग्य माणूस सापडेल तिथे मुक्काम करते. माल्कमच्या विंचवांना मात्र असा प्रवास जमणार नाही. ते फार खासगी आहेत.

मुक्ताबाईंच्या सतीचा प्रसंग आमच्यात कोणी मोठ्याने वाचू शकलं नाही. बाईंची मुलगी, यशवंतराव फणशांची पत्नी. आधी मुलगा गेला, मग १७९१ मध्ये नवरा. बाईंनी मुलीच्या पाया पडून विनवलं, मला या जगात एकटी टाकू नकोस. मुलगी शांत होती. आई, तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत तूही जाशील. मग मला जगवणार नाही आणि मानाने जायची वेळही निघून गेलेली असेल, असं ती म्हणाली. बाई प्रेतयात्रेबरोबर गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला, आणि सुटका होईना म्हणून त्या स्वतःचेच हात चावू लागल्या. मग सावरल्या, नर्मदेत स्नान केलं, वाड्यात गेल्या आणि तीन दिवस जवळपास अन्नपाणी न घेता, एक शब्द न बोलता बसून राहिल्या.

इथे गटातली सर्वांत लहान मुलगी, इतिहासात एम.ए. करणारी, म्हणाली, "पण थांबवलं का नाही? राणी होत्या ना?" माल्कमचं उत्तर तिथेच आहे: सक्ती सोडून त्यांनी सर्व केलं. 'सक्ती सोडून' हे दोन शब्द अक्षरशः तसेच वाचावेत. अनिर्बंध सत्ता असलेल्या बाईची सत्ता कुठे संपत होती, हे त्यात आहे. माल्कमने बाईंना माफही केलं नाही आणि आरोपीही केलं नाही. हे चरित्रकाराला जमणं कठीण असतं.

देवळांच्या खर्चाचंही तसंच. काशी विश्वनाथाचं मंदिर, गयेचं विष्णुपद, सोमनाथ, शिवाय वाटेवरच्या धर्मशाळा, घाट, विहिरी. स्वतःच्या मुलुखाबाहेर एवढा पैसा कशाला, ही शंका आज कोणी काढली तर त्याची धडगत नाही. माल्कमने ती काढली, एका जाणत्या ब्राह्मणापाशी. ब्राह्मणाने उलट विचारलं, याच्या दुप्पट पैसा फौजेवर उधळला असता तर बाईंना तीस वर्षं मुलुखात अशी शांतता राखता आली असती काय?

उत्तर मोठं चलाख आहे. पण पाहा, माल्कम त्या ब्राह्मणाला उलट प्रश्न करत नाही. उत्तर ऐकलं, आवडलं, लिहून घेतलं. आणि प्रकरणाची भिंत नेमकी इथेच पोकळ वाजते.

तीस वर्षं म्हणजे किती? मालेराव गेले १७६७ मध्ये, बाई गेल्या १७९५ मध्ये. अठ्ठावीस. ही सूट द्यायला हरकत नाही, बोलताना आपणही देतो. पण 'शांतता'? त्याच अठ्ठावीस वर्षांत रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी बंड केलं आणि ते मोडावं लागलं. १७८८ मध्ये मेवाडच्या फौजेशी हरकियाखालला लढाई झाली. तिचा दाखला जेम्स टॉडच्या राजस्थानच्या इतिहासात सापडतो. हा टॉड माल्कमच्या अगदी बरोबरीचा. माल्कम माळव्यात बसून होळकरांच्या माणसांना विचारत होता, त्याच वर्षांत टॉड मेवाडमध्ये राण्याच्या दरबारी इंग्रजांचा पोलिटिकल एजंट होता. त्याच्या पुस्तकात अहिल्याबाई येतात त्या शिंद्यांशी हात मिळवून मेवाडचा पराभव करणाऱ्या होळकरांच्या राज्यकर्त्या म्हणून. देव्हाऱ्यात नाहीत, रणाच्या पलीकडच्या बाजूला आहेत. आणि १ जून १७९३ रोजी लाखेरीला तर होळकरांची फौज महादजी शिंद्यांच्या फौजेपुढे, त्यांच्या युरोपीय सेनानी द बॉइनच्या कवायती पलटणींपुढे, पार मोडली. बाई तेव्हा महेश्वरला होत्या, हयात होत्या.

"म्हणजे तीस वर्षांची शांतता हे तर निव्वळ..." अण्णांनी वाक्य अर्धंच सोडलं.

निव्वळ खोटं नाही. महेश्वर-इंदूरच्या मुलुखात, शेतकऱ्याच्या बांधावर, ती शांतता खरीच होती, आणि माल्कमला भेटलेली माणसं त्याच बांधावरची होती. शिवाय त्यांच्या आणि बाईंच्या मध्ये काय होतं ते विसरू नये. तुकोजींचे पुत्र यशवंतराव होळकर यांच्या स्वाऱ्या, पठाण सरदार अमीरखान, पेंढारी. त्या काळाला माळव्यातली माणसंच 'गर्दी का वक्त' म्हणत, आणि ते नाव माल्कमनेच टिपून ठेवलं आहे. वीस वर्षं जळत्या गावांतून काढलेल्या माणसाला विचारा, त्याआधी कसं होतं? तो सोन्याचंच सांगणार. चौकशी वाढवत न्याल तसा आदर वाढतच जाणार, कारण ज्यांना विचारायचं ते सगळे त्याच गर्दीतून निभावलेले.

मग तुकोजी. मालेरावांनंतर घराणं पेचात सापडलं, दिवाण गंगाधर यशवंतांनी राघोबादादांशी संधान बांधलं, आणि बाईंनी बायकोमाणसाशी लढून तुम्हाला अपकीर्तीच मिळेल असा निरोप धाडून, आपल्या आवडत्या हत्तीच्या हौद्याला चार धनुष्यं आणि बाणांचे भाते लावून तयारी केली. हा प्रसंग माल्कमने झकास रंगवला आहे. त्यानंतर बाईंनी फौजेसाठी तुकोजी होळकरांना पुढे केलं. ते वयाने मोठे असूनही बाईंना आई म्हणत, आणि दोघांचं सख्य कधी बिघडलं नाही, असा माल्कमचा सूर.

हे बिघडलं होतं, आणि चांगलंच बिघडलं होतं. पुणे दरबारचे वकील महेश्वराहून जी पत्रं धाडत, ती पुढे द. ब. पारसनिसांनी 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' म्हणून छापली. त्यांतल्या बाई वेगळ्याच आहेत. तुकोजी उत्तरेत फौज घेऊन बसलेले, पगार थकलेले, महेश्वराकडे पैशासाठी तगादा. बाई विचारतात, मोहिमेत जे मिळालं त्याचा हिशेब कुठे आहे? तुकोजी म्हणतात खजिना घराण्याचा, बाई म्हणतात कारभार माझा. पुण्याला दोन्हीकडून पत्रं जातात. महादजी कधी बाईंच्या बाजूने असतात, कधी त्यांच्याच डोईजड होतात. ही नर्मदेकाठी पोथी ऐकत बसलेली साध्वी नाही. हिच्या हातात खजिन्याची किल्ली आहे, आणि फौज ज्याच्या हातात आहे त्याला ती त्या किल्लीने बांधून ठेवते आहे.

या पत्रांवरून माल्कमला पुरता दोष देता येत नाही, ती छापली गेली त्याच्या पुष्कळ नंतर. पण तुकोजींची माणसंही १८१८ मध्ये हयात होती, आणि लाखेरीची लढाई काही गुपित नव्हती. मालेरावांच्या मृत्यूची चौकशी करणारा माणूस तुकोजींची का करत नाही? माझं उत्तर असं: मालेराव हा बाईंच्या शीलाचा प्रश्न होता, आणि शीलाची परीक्षा घ्यायला माल्कम तयार होता, कारण त्यात बाई उतरणार हे त्याला दिसत होतं. तुकोजी हा राजकारणाचा प्रश्न. तो उघडला की बाई इतर सरदारांच्या पंगतीत येऊन बसतात: पैसा, हेवेदावे, पुण्याकडे कागाळ्या. माल्कमला त्या पंगतीत नको होत्या. एतद्देशीय राजवटी चालू ठेवाव्यात, आपण फार ढवळाढवळ करू नये, असं मानणाऱ्या इंग्रजांपैकी तो होता. कलकत्त्याला आणि लंडनला दाखवायला त्याला एक स्वच्छ नमुना हवा होता, आणि त्याच्याशेजारी यशवंतरावांचा काळा. महेश्वरला तो मिळाला.

म्हणजे नमुन्यात खोट नव्हती. खोट होती ती नमुना हवा असण्यात.

नुकसान कोणाचं झालं? बाईंचंच, असं मला वाटतं. माल्कमची दिनचर्या सगळ्यांना पाठ आहे: पहाटे उठून पूजा, पुराण, दानधर्म, स्वतःच्या हाताने ब्राह्मणांना वाढणं, जातीचा निर्बंध नसूनही शाकाहार, थोडी विश्रांती. दुपारी दोन ते सहा दरबार. मग पुन्हा पूजा, माफक फराळ, आणि रात्री नऊ ते अकरा परत कामकाज. यातली पूजा आपण उचलली आणि दुपारचे चार नि रात्रीचे दोन तास सोडून दिले. दिवसाला सहा तास ही बाई काय करत होती? भिल्लांशी आधी बोलणी, मग कडक बंदोबस्त, आणि शेवटी घाटातून जाणाऱ्या मालावर त्यांचा 'भिलकौडी'चा हक्क मान्य करून वाटा सुरक्षित करणं, हे त्या सहा तासांतलं काम. हे माल्कमनेच दिलं आहे, पण समारोपाच्या त्या भल्यामोठ्या वाक्यात त्याला जागा नाही. १८४९ मध्ये जोआना बेलीने इंग्रजीत अहिल्याबाईंवर जी कविता लिहिली ती माल्कमच्याच आधारे, आणि तिथे तीस वर्षांची शांतता पक्की होऊन बसली. तिथून ती आपल्या पाठ्यपुस्तकांत, भाषणांत. आणि चित्रांतल्या बाईंच्या हातात पिंड. खजिन्याची किल्ली कुठल्याच चित्रात नाही.

अण्णांनी सगळं ऐकून आपल्या पद्धतीने शेरा मारला: नोंदी खऱ्या, एक खातं उघडलेलंच नाही. मला तो मान्य आहे, फक्त त्यांनी तो आरतीवाल्या शेऱ्याच्या जागी घ्यावा एवढीच अट घातली. ते म्हणाले, विचार करतो.

एक नोंद मात्र व्हाउचरशिवाय राहिली. राघोबादादांच्या पत्नीला, आनंदीबाईंना, म्हणे अहिल्याबाईंच्या लौकिकाचा मत्सर वाटे, म्हणून त्यांनी एक दासी पाठवली, बाई दिसायला कशी आहे ते बघून यायला. दासी परत आली आणि म्हणाली, नाकीडोळी काही सुंदर नाही, पण चेहऱ्यावर दिव्य तेज आहे. आनंदीबाई म्हणाल्या, सुंदर नाही ना? आणि तेवढ्यावर समाधान मानलं. आनंदीबाईंच्या खोलीतलं हे बोलणं महेश्वरच्या माणसांनी कसं ऐकलं, आणि पन्नासेक वर्षांनी माल्कमपर्यंत कसं पोहोचलं? दासी, आनंदीबाई आणि भिंती, एवढेच साक्षीदार. एम.ए.वाल्या मुलीने ठाम मत दिलं की ही गोष्ट गाळायला हवी. मीही मान डोलावली. अण्णा पिशवी भरत होते. तपासनीस माणूस, तेही हो म्हणणार असं आम्ही धरून चाललो होतो.

"गाळा," ते म्हणाले. "पण त्या दासीला बिदागी काय मिळाली असेल हो?"